नामदेव थांबला तो उतार

लोणावळ्याची ट्रेकवाली मुलं मार्च-एप्रिलात हिमालयात निघाली की आधी मला भेटून जातात. त्यांना मी हा एकच दिवस सांगतो.

आमची प्लाटून काश्मीरमध्ये उंचावरच्या पोस्टवर होती. मी नाईक, गाव बेडसे. माझ्या सेक्शनचा लान्स नाईक नामदेव आमच्याच मावळातल्या कान्हे गावचा. इतका उतावळा माणूस मी मावळात दुसरा पाहिला नाही. चहा निवायला थांबायचा नाही, जीभ भाजून घ्यायचा. सुट्टीत आमच्या गावच्या लेण्यांच्या पायऱ्या माझ्याआधी चढायचा आणि वरून ओरडायचा, "भाऊ, झोपला का?"

एप्रिलातल्या एका सकाळी सिग्नलवाल्या प्रीतमचं पोट दुखायला लागलं. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, अपेंडिक्स आहे, आजच ऑपरेशन हवं. वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर येईना. सुभेदार साहेबांनी त्याला स्ट्रेचरवरून खाली बेसला न्यायचं ठरवलं. साहेब स्वतः सोबत आले, वाट काढायला नामदेव पुढे निघाला.

वाटेत एक मोठा उतार आडवा पार करायचा होता. तिथं पोचेपर्यंत लख्ख ऊन पडलं. मला बरं वाटलं. आपल्याकडे दव वाळलं की डोंगरवाट पाय धरते. नामदेवनं कडेला बूट रोवला, तो गुडघ्यापर्यंत आत गेला. वरच्या खडकाखालून बर्फाचे लाडू घरंगळत येत होते.

"साहेब, हितनं आत्ता न्हाई जायचं. बर्फ भिजलंय. ऊन फिरून उतार गोठला की जाऊ."

"आणि प्रीतम?" मी विचारलं.

"भाऊ, समद्यास्नी गाडून त्यो वाचंल व्हय?"

"चलो यार," प्रीतम कण्हला. मला नामदेवचा भयंकर राग आला.

बेसवरून रेडिओ खरखरला. "पेट्रोल पार्टी, हॉल्ट का केला? ओव्हर."

"उतार ओला आहे. ऊन गेल्यावर क्रॉस करू. ओव्हर," साहेब म्हणाले.

आम्ही खडकाच्या आडोशाला बसलो. नामदेव प्रीतमचा हात धरून बसला, जागचा हलला नाही. दुपारी वर कडकड झाली आणि अख्खा उतार डोळ्यांदेखत दरीत गेला. आमची वाट बरोबर त्याच्या मधून होती.

सावली आली, बर्फ पुन्हा कडक झालं. पाठीवरच्या पिठ्ठूंचे पट्टे सैल केले, म्हणजे बर्फ आलं तर ओझं झटकन टाकता येतं. कमरेला लाल दोऱ्या बांधून मागे सोडल्या, म्हणजे गाडलेला माणूस दोरीवरून सापडतो. अंतर ठेवून एकेक जण गेलो, स्ट्रेचर दोरानं ओढून घेतलं.

रात्री बेसला पोचलो, लगेच ऑपरेशन झालं. प्रीतम वाचला! लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघराच्या, कुकनं शिरा केला. नामदेवनं कढईतूनच घास उचलला आणि जीभ भाजून घेतली. आम्ही वेड्यासारखे हसलो. तेवढा आनंद पुढे मला कुठल्या मेडलनं दिला नाही.

पुढच्या वसंतात दुसऱ्या गस्ती तुकडीचे दोघं बर्फाखाली गेले. नामदेव त्यांना बाहेर काढत असताना वरून आणखी बर्फ आलं. ते दोघं वाचले. नामदेव गेला.

कान्ह्याला त्याच्या आईला भेटलो, तेव्हा हाच दिवस सांगितला.

"आमचा नाम्या? जेवायला धड बसायचा न्हाई. त्यानं तुमास्नी दिसभर बसवलं?"

"व्हय मावशी. बसवलं. म्हणून तर मी हितं बसलोय."