भावाच्या नावावर गेलेलं गाणं

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात आणि झोक्यावर गाणी म्हणतात. त्यांना न्यायला भाऊ यायचा असतो. माझ्या आईला न्यायला मामा कित्येक वर्षं आला नव्हता. त्याची मुलगी माझ्या थोरल्या भावाला द्यायची त्याच्या मनात होती. वडिलांनी सोयरीक दुसरीकडे जमवली आणि मामा जो रुसला तो रुसलाच. माणूस मनाने लोणी, पण रुसायला बसला की उठायचं नाव नाही. आई चाळीसगावच्या आमच्या घरात भाकरी थापता थापता गाणी रचायची.

झोक्याचं गाणं रचणारी बाई आमच्याकडे शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालत नाही. भावाचं घालते, त्याच्या गावासकट. एकदा एक कॅसेट कंपनी आखाजीची गाणी भरून घ्यायला धुळ्याला आली. आई शेजारणींबरोबर जाऊन गायली आणि गाण्याची बिदागी जागेवर घेऊन आली. कुठलं गाणं कुणी रचलं ते लिहून घेणारा गृहस्थ दूरच्या शहरातला होता. अभंगात, लावणीत रचणारा शेवटी आपलं नाव गुंफतो, एवढं त्याला ठाऊक. आईच्या गाण्याची शेवटची ओळ ऐकून त्याने गीतकार म्हणून मामाचं नाव आणि गाव लिहून टाकलं. समोर पाच बायका बसल्या होत्या, पण त्यांना विचारावं असं त्याला कशाला वाटेल!

कॅसेट खपली. लग्नाच्या मांडवात वाजली, रसवंतीवर वाजली. चारेक वर्षांनी बाजारात मामाच्या गावची एक बाई भेटली. तिने सांगितलं, दरवर्षी आखाजीच्या आधी मामाला मनीऑर्डर येते, गाण्याची रॉयल्टी म्हणून. माझं डोकंच सणकलं. मी नुकती बी.ए. झाले होते, म्हणजे जगातल्या सगळ्या चुका दुरुस्त करायला मोकळी.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," मी घरी येऊन म्हटलं.

"मना भाऊले कुत्रं म्हनस?" आई कडाडली. मग हळूच म्हणाली, "राहू दे वं. वरीसमा एकदा पोस्टमन त्याले मनं गानं याद करी देस. तेवढं तरी व्हवू दे. एखादी आखाजीले येई तो."

पैसे गेल्याचं तिला काहीच नव्हतं. त्या मनीऑर्डरीच्या मागोमाग कधीतरी भाऊ दारात उभा राहील, एवढीच तिची आस होती. मला ते कळलं. तरीही मी चोरून कंपनीला पत्र लिहिलं, शेजारणींच्या सह्यांसकट. माझ्या हुशारीचा मला आजही संताप येतो.

पुढच्या वर्षी मनीऑर्डर आमच्या दारात आली. आईने वाकडीतिकडी सही केली आणि नोटा न मोजता देवापुढे ठेवल्या. कंपनीला कुणी कळवलं, तिने विचारलं. मी सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आते त्याले कोन याद करी देई?" एवढंच म्हणाली.

आखाजी होऊन गेली, मामा आला नाही. मला राहवेना. मी धुळ्याची पॅसेंजर धरली, पुढे एस.टी.ने मामाच्या गावी गेले. मी काही बोलायच्या आत मामाने फडताळातून रुमालाची पुरचुंडी आणून माझ्यासमोर ठेवली. साऱ्या वर्षांच्या नोटा त्यात तशाच होत्या, सगळ्या आईच्या म्हणून राखलेल्या.

"हाई बठ्ठं तिनं शे. परत धाडता तं तिले वाटतं, भाऊनी गानं नाकारं. म्हनीसन सही करी लिधं."

या आखाजीला तो आईला न्यायला निघणार होता. मामीने त्यासाठी घर सारवलंही होतं. तेवढ्यात कंपनीचं पत्र आलं की रक्कम चुकून तुमच्या नावे जात होती, तक्रारीवरून बंद करत आहोत. पोस्टमनने ते ओट्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं.

"तक्रार मी केली मामा. आईने मला नको म्हटलं होतं."

"मी मानस. पन गाव थोडंच मानी? आते कोनतं तोंड लिसन येऊ? लोक म्हनतीन, मनीऑर्डर बंद पडनी तवय भाऊले बहीन आठवनी."

मी खूप विनवण्या केल्या. रडलेसुद्धा. पुरचुंडी मी घेईना आणि तोही परत उचलेना. शेवटी ती तिथेच जमिनीवर ठेवून मी निघाले.

घरी आले तेव्हा आई दारातच बसली होती. मी सगळं सांगितलं. तो येणार नाही, हेही सांगितलं. तिने मान हलवली. मग मला जवळ बसवून ती विचारू लागली, "केस पिकनात का वं त्याना? दुबळा व्हयना का? हासस का पहिलासारखा?"

मामासमोर मी सगळा वेळ खाली मान घालून बसले होते; त्याचा चेहरा मी धड पाहिलाच नव्हता.