उताराचा गोठा आणि चाकांचा जॅक

आमच्या गोठ्यात आता जनावर नाही, जीप आहे. तीन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले तशी शेवटची म्हैस विकली, आणि ती गेली त्याच्या पंधराव्या दिवशी मालकांनी तिच्या जागी एक जुनी जीप आणून उभी केली. मालक म्हणजे माझा नवरा हो, आमच्या उंब्रजकडच्या बायका असंच म्हणतात. फौजेतली सगळी नोकरी त्यांनी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली. पेन्शनीत आले तरी हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नाही. गव्हाणीत पाने आणि हातोड्या, दावणीच्या कडीला लटकवलेल्या ट्यूबा, कोनाड्यात तेलाचे डबे. त्याचं मला काही नव्हतं. माझं भांडण होतं ते त्यांच्या जॅकशी.

तो जॅक हातानं फिरवायचा, आटे झिजलेला. त्याच्यावर जीपचं एक चाक उचलायचं, खाली दगडांची चळत लावायची आणि खुशाल पाठीवर सरकत आत शिरायचं, ही त्यांची रीत. गेल्या उन्हाळ्यात मी ताकाचा तांब्या घेऊन गेले, तर जीपखालून नुसते दोन पाय बाहेर. मी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि खाडकन आवाज झाला. जॅक निसटला, जीप एका अंगाला बसली. चळतीतला वरचा दगड फुटला, खालचे टिकले. पाय हलेनात. मी हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. मग आतून आवाज आला, "ताक ठेव तितंच. तेरा नंबरचा पाना दे."

मी पाना दिला नाही. तांब्या घेऊन तशीच परत आले आणि ते ताक चुलीपाशी बसून मीच प्याले. अर्धं अंगावर सांडलं.

त्या दिवसापासून मी मागे लागले की नवा जॅक आणा. ते म्हणायचे, फौजेत याच्यापेक्षा वाईट जॅकवर ट्रक उचललेत. मी म्हणायची, फौजेत तुमच्या बायकोला बघायला लागत नव्हतं. सांगलीला धाकटा पोरगा असतो, त्याला फोन केला तर त्यानं मोबाईलवर वीस जॅकचे फोटो पाठवले आणि लिहिलं, आई, यातला कुठलाही घे. कुठलाही! अरे, कुठलाही घ्यायचा असता तर तुला कशाला विचारलं असतं?

शेवटी मीच जायचं ठरवलं. बांगड्यांचं माप न्यावं तसं सुतळीवर माप घेतलं. मालक झोपले होते तेव्हा जीपखाली हात घालून जमिनीपासून लोखंडापर्यंत एक गाठ मारली, जॅक तेवढ्यात आत शिरला पाहिजे. आणि मालक पाठीवर पडून आरामात आत सरकू शकतील एवढ्या उंचीला दुसरी गाठ, गाडी तिथवर वर गेली पाहिजे. ती सुतळी बटव्यात घातली आणि माणशी भाडं घेणाऱ्या वडापच्या जीपमधून कराडला गेले.

दुकानदार पंचेचाळिशीचा. मला बघून म्हणाला, मावशी, घरातल्या कुणाला तरी पाठवा. मी म्हटलं, घरातलीच आलीय. मग त्यानं बाटलीसारखा एक उभा जॅक पुढं ठेवला आणि माझ्या मागून आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. मी तो उभा जॅक बोटानं ढकलून बघितला. बुड केवढंसं! असा तर माझा पितळी डबासुद्धा कलंडतो. मी सुतळी काढून काउंटरवर पसरली आणि सांगितलं की ही गाठ आत शिरायची, ही गाठ वर जायची, या दोन्हींत बसणारा दाखव. तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. पोलादी टेप आणला, सुतळीला लावला आणि हसला. पण त्या हसण्यात चेष्टा नव्हती.

मग मात्र त्यानं चांगलं समजावलं. तुम्हाला जमिनीलगत बसणारा फ्लोअर जॅक पाहिजे म्हणाला, लांबट, चार चाकांचा, पसरट बुडाचा. दांडा पंपासारखा मारायचा की त्याचा हात वर उठतो, आणि उठता उठता जॅक स्वतः थोडा आत सरकतो, म्हणून त्याला चाकं. दोन टनी होता तो दुसऱ्या गाठीच्या चार बोटं खालीच थांबत होता. तीन टनी दोन्ही गाठींत बसला. शिवाय त्यानं दोन लोखंडी स्टँड काढले. म्हणाला, "मावशी, जॅक फकस्त उचलायला. धरून ठिवायला स्टँड. जॅकच्या भरवशावर माणसानं आत जायचं न्हाई." मला त्याला ओवाळावंसं वाटलं. हेच वाक्य मी वर्षभर माझ्या अडाणी शब्दांत घरी सांगत होते.

निघताना त्यानं विचारलं, गाडी कुठं उभी असते? मी म्हटलं, आमचं गॅरेज आहे. खाली काय आहे? दगडी फरशी आहे, एकदम पक्की.

आता बघा, गोठा म्हणायला मला काय झालं होतं? चांगलं दुकान, सुतळीवरून मिळालेला मान, आणि तिथं म्हणायचं की गाडी गोठ्यात लावतो? जीभ वळली नाही. तेवढ्यानं सगळं फसलं.

ते धूड दोघांनी उचलून वडापात ठेवलं. शेजारची बाई विचारते, पाण्याची मोटर का? घरी आणलं तर मालक दोन दिवस त्याच्याकडं बघेनात. मी म्हणे त्यांच्या हुनराचा अपमान केला होता. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर आपणच उठले. मीही मागोमाग गेले. त्यांनी सवयीप्रमाणे मागच्या चाकांना दगड लावले, जॅक मागच्या दोन चाकांमधल्या दांड्याखाली सारला आणि पंप मारायला लागले. जीपचं मागचं अंग कसं अलगद वर आलं म्हणून सांगू, दोन्ही चाकं एकदम. मी मनात हात जोडले.

आणि जीप चालायला लागली.

चालणारच की! गोठ्याच्या फरशीला उतार असतो. जनावराचं मूत गव्हाणीकडून मागं नालीत वाहून जावं म्हणून. जुन्या जॅकनं एकच चाक उचलायचं, दुसरं दगडाला अडून राहायचं. आता दगड लावलेली दोन्ही चाकं हवेत, हँडब्रेकही त्यांनाच, आणि खाली जॅकची चार चाकं. जीप जॅकवर बसून आमच्या मालकांना बाजूला सारत नालीपर्यंत गेली, जॅक नालीत तिरका झाला आणि जीप धाडकन खाली. मालक भिंतीला टेकून उभे. कुठं खरचटलंसुद्धा नव्हतं. आणि चेहऱ्यावर काय आनंद! म्हणाले, "बघ तुझा जॅक."

आयुष्यात एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता.

दुकानदाराला फोन लावला. त्यानं आधीच विचारलं, मावशी, जमीन सपाट आहे ना? मी सांगून टाकलं, गोठा हाय तो. त्यावर तो म्हणाला की जॅकमध्ये काही खोट नाही, खाली सिमेंटचा सपाट कोबा करून घ्या, मग बिनघोर वापरा.

घ्या! जमीन सपाट करायची तर मालक हटून बसले. उतार मोडायचा नाही. पुढच्या चाकांना दगड लावला की झालं. परत दगड! मी म्हटलं, मला या घरात दगडाचं नाव ऐकायचं नाही. मग म्हणाले, उद्या म्हैस आणायची झाली तर? कोण काढणार धार, मी विचारलं, तुम्ही? पंधरा दिवस हेच चाललं. जीपची चावी मी कमरेच्या बटव्यात घातली. ते फुटक्या दगडांची चळत परत रचून ठेवायचे, मी पाटीत भरून परसात टाकायची. माझ्या गुडघ्यांना हे काम होतं का सांगा?

एके दिवशी दुपारी मी पाटी भरत असताना ते गव्हाणीवर बसले होते. म्हणाले, "ह्यो उतार कुणासाठी काढला, ठावं हाय का तुला?"

मी म्हटलं, म्हशींसाठी.

"धाकट्याच्या टायमाला तुझी पाठ धरली हुती. आई तुला वाकून मूत उपसायला लावायची. म्या सुट्टीवर आलो तवा बघितलं. पुरी सुट्टी दगड बसवण्यात घालवली. कळशी कळशी पाणी वतून बघितलं, आपसूक जातंय का न्हाई."

ती सुट्टी मला चांगली आठवत होती. मला औंधच्या यमाईला नेतो म्हणाले होते आणि नेलं नाही. महिनाभर बायकोकडं न बघता फरशी ठोकत बसलेला माणूस म्हणून मी त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. ती अढी इतकी वर्षं मनात होती. आणि हे आत्ता सांगतात! तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं? मला रडू येत होतं आणि पाटीतला दगड फेकून मारावासा वाटत होता, दोन्ही एकदमच.

मी पाटी खाली ठेवली. म्हटलं, "तवा माझ्यासाठी काढला न्हवं? मग आता माझ्यासाठीच बुजवा. रोज ते दोन पाय बघून मी मरतीया."

ते उठून बाहेर गेले. संध्याकाळी गवंड्याला घेऊन आले आणि त्याच्याआधी स्वतःच बुडबुड्याची पाणसळ घेऊन खाली बसले, कारण गवंड्याला म्हणे सपाट म्हणजे काय ते कळत नाही. दोन दिवस त्याचं डोकं खाल्लं. नालीलगतची हातभर पट्टी मात्र उताराची तशीच ठेवली. मीही ती राहू दिली.

आता कोब्याला पाणी मारायचं काम माझ्याकडं. सकाळ संध्याकाळ बादली घेऊन वाकते. जॅक पोत्यात गुंडाळून गव्हाणीत पडलाय, स्टँड त्याच्या शेजारी. जीप बाहेर उन्हात. मालक दिवसातून चार वेळा विचारतात, झाला का गं पक्का? मी म्हणते, न्हाई. परवा परसात दगड हुडकताना सापडले. काल म्हणाले, चावी दे, नुसतं बॉनेट उघडून बघतो. मी बटव्याची नाडी अजून एक वेढा आवळली.

आज सकाळी ओल्या कोब्यावर उकिडवे बसून त्यांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं, चावीसाठी हात पुढं केला. मी त्या हातात रिकामी बादली दिली आणि भरून आणायला सांगितलं.