विहीणबाईंचा रोवण्याचा प्रोग्राम

आमच्या गोंदिया जिल्ह्यात धान कितीही पिकत असला, तरी माझ्या विहीणबाईंच्या अंगात जेवढी चुळबुळ पिकते तेवढं पीक इथल्या कुठल्याही मातीने आजवर दिलेलं नाही. ही माझ्या लेकीची सासू. दवनीवाड्याच्या पलीकडे एका लहानशा गावात राहते. राहते म्हणजे त्या गावात सतत इकडून तिकडे जात असते. तिचं बसणं म्हणजे पुन्हा उठण्यासाठी घेतलेला दम. घास हातात धरून ती कोंबड्या हाकलून येते, आणि देवापुढे आरती ओवाळताना मागे मान वळवून विचारते, "सूनबाई, मोटर बंद केली काय वो?" आमच्याकडे सोयरिकीच्या बैठकीला आली तेव्हा पुरुषमंडळी बाहेर पंखा कुठल्या बाजूला फिरवावा यावर बोलत होती, तेवढ्यात हिने माझी मागच्या अंगणात वाळत घातलेली मिरची खालीवर केली, मांजर हाकललं, आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्याच पातेल्याला राख लावत म्हणाली, "पोरगी पसंत हाय. पण ईनबाई, तुमच्या पातेल्याची कडी ढिल्ली हाय." लेक पसंत पडल्याचा आनंद मानावा की कडीचं वाईट वाटून घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अशी बाई एका जागी बसून काही शिकेल असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण माझी लेक तालुक्याच्या गावी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आणि सुट्टीच्या दिवसांत ती पडवीत लॅपटॉप उघडून मुलांचा तास घेत असे. सासूबाई मागे सुपात तांदूळ पाखडत. एक दिवस तास संपल्यावर सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "तुमच्या पोरायले समजून नाई रायलं. मले समजलं." त्या दिवसापासून घरात सून गुरू आणि सासू चेली असा उलटा कारभार सुरू झाला, आणि मुक्कामाला गेलेली मी आपोआप मागच्या बाकावरची विद्यार्थिनी झाले.

माझी विद्या काय सांगावी! विशीत असताना मी मोठ्या तोऱ्यात टायपिंगच्या क्लासला जात होते. दोन वेण्या, खांद्यावर पर्स, आणि चेहऱ्यावर असा भाव की उद्यापासून कलेक्टर कचेरी माझ्यावाचून अडणार. पहिल्याच आठवड्यात कार्बन उलटा लावून अख्खा अर्ज त्याच कागदाच्या पाठीवर उमटवला, आणि मास्तरांना वर तोंड करून सांगितलं, "सर, मशीन खराब है." आमचं गोंदिया शहर हिंदीत बोलतं, म्हणून अपमानही मला हिंदीतच झाला. त्या पोरीला आज कोणी माझ्यासमोर उभं केलं तर मी तिची एक वेणी तरी नक्की ओढेन.

तर अशा या विद्यार्थिनीला विहीणबाईंनी धडा दिला तो ओट्यावर वाट्या मांडून. "हे पाहा ईनबाई, ह्या एका मागं एक ठेवल्या, हे झाली यादी. आता म्हणाचं, प्रत्येक वाटीत चमचाभर तेल टाक. एकदाच म्हणाचं. मंग तो आपला टाकत जाते, टाकत जाते. हा झाला फेरा."

"आणि थांबतो कधी?"

"वाट्या सरल्या का थांबते. माणूस असता त मधातच चहा प्याले गेला असता."

हे सगळं तोंडाने झालं. प्रत्यक्षात त्यांनी दुसऱ्या जातीचा एक फेरा लिहिला, ज्याला आपण किती वेळा ते सांगत नाही, फक्त अमुक होईपर्यंत चालू राहा एवढंच सांगतो. बादली भरेपर्यंत "अजून भरली नाही" असं लिहीत राहा, असा त्यांचा हुकूम होता. पण बादलीत पाणी पडतंय हे सांगायचं त्या विसरल्या. मग काय, पडद्यावर "अजून भरली नाही, अजून भरली नाही" अशा ओळी मुंग्यांसारख्या धावायला लागल्या. विहीणबाई त्याला आधी "बस्स बापा" म्हणाल्या, मग दरडावलं, मग लॅपटॉप गरम लागला म्हणून उचलून कूलरसमोर नेऊन ठेवला आणि स्वतः पदराने वारा घालत उभ्या राहिल्या. लेक कॉलेजातून आली आणि तिने तो बंद केला. मला वाटलं आता या हा नाद सोडतील. तर म्हणाल्या, "त्याची काय चूक? थांब म्हणाले मीच विसरली. मले तरी कोणी कधी थांब म्हणलं काय?"

यादीतली मोजणी शून्यापासून सुरू होते हे कळल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं. पहिली वस्तू ही शून्यावी. झालं! माझा जावई ताटावर बसून "आई, दोनच पोळ्या" म्हणाला, की त्या वाढत, "हे शून्यावी. हे एक. हे दोन." तो बिचारा पोट धरून उठे. मी म्हटलं, अहो पोराला अजीर्ण होईल, तर म्हणाल्या, "शून्याचं कायचं अजीर्ण?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग पावसाळा लागला आणि रोवणा आला, म्हणजे धानाची लावणी. आमच्या भागात धानाच्या रोवण्याला बायका आपसांत जमून एकमेकींच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, जातात. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. कोणाची पाळी कधी, यावरून दरवर्षी कुरबुर होते, कारण पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वेळेत लावली नाहीत तर म्हातारी होतात आणि मग धान धड येत नाही. विहीणबाईंनी जाहीर केलं की यंदा भांडण नाही. यादी कॉम्प्युटरमध्ये, फेरा कॉम्प्युटरचा, आणि ज्या त्या बाईच्या फोनवर तिच्या पाळीचा दिवस. लेकीला आधी दाखवू का असं मी विचारलं. "कायले? पोरगी दिवसभर शिकवून थकते," म्हणाल्या, आणि माझ्यासमोर बटण दाबलं. गावात इथून तिथून फोन वाजले. मी टाळ्या वाजवल्या. टायपिंगवाली पोरगी माझ्यात अजून जिवंत होती, काही न समजता टाळ्या वाजवणारी.

रोवणा चालला. विहीणबाई रोज सगळ्यांच्या आधी चिखलात आणि सगळ्यांच्या नंतर बाहेर. आपली बांधी त्यांनी मानाने शेवटी ठेवली होती. ती झाली आणि रिवाजाप्रमाणे शेवटच्या बांधीवालीकडे जेवण म्हणून अंगणात पंगत बसली. बायकांनी एकमेकींना चिखल फासलेला, हसणं, ओरडणं. विहीणबाई वरणाचं भांडं घेऊन पळत होत्या. तेवढ्यात लक्षात आलं की गिरजाबाई फाटकातच उभी आहे. ही त्यांची जन्माची मैत्रीण. दोघींच्या बांध्यांमध्ये एकच धुरा, मातीचा बांध, आणि त्या धुऱ्यावर बसून दोघींनी आयुष्याची शिदोरी खाल्लेली.

"सरला काय रोवणा?" गिरजाबाईने विचारलं.

"सरला ना वो! ये, बस."

"मंग माझी बांधी कोन्या गावात हाय?"

विहीणबाईंनी भांडं खाली ठेवलं. "तुले मेसेज नाई आला?"

"कोणता मेसेज? मी समजली, मले शेवटी ठेवलं असन. सगळ्याईच्या बांधीत कंबर वाकवली. माझे पऱ्हे म्हातारे होऊन कांडी धरून रायले तिकडं."

"अवो, मंग बोलली काऊन नाई?"

"तुले बोलावं लागते काय?" गिरजाबाई म्हणाली. "धुऱ्याले धुरा लागून हाय आपला."

पंगतीत कोणीतरी कुजबुजलं, उन्हाळ्यात गिरजाबाईची बकरी हिच्या सांबारवाडीत, कोथिंबिरीत, शिरली होती, तेव्हाचा राग असेल. विहीणबाईंनी ते ऐकलं. भांडण्याऐवजी त्या आत गेल्या, लॅपटॉपसमोर उभ्याच राहिल्या, पुटपुटल्या, आणि धावत बाहेर आल्या. "उठू नका कोणी. यादीत जसे नावं हायेत तशा बसा. गिरजे, तू बी बस. हात जोडते." गिरजाबाई बसली, आपल्या नंबरावर, तोंड फिरवून.

"आता मी फेरा," विहीणबाई म्हणाल्या. पहिलीसमोर उभ्या राहिल्या, तिला पाळीचा दिवस सांगितला, एक पाऊल पुढे. दुसरीला सांगितला, एक पाऊल पुढे. असं करत त्या गिरजाबाईच्या अलीकडच्या बाईपाशी आल्या. या बाईने माहेरची माणसं बोलावून आपला रोवणा आधीच उरकला होता. "तुले पाळी नाई पाहिजे. तुले मी यादीतून काढलं. ऊठ." ती उठली. "आता जागा खाली झाली. मांगच्या समोर सरका." साऱ्याजणी पत्रावळीसकट एकेक जागा सरकल्या. गिरजाबाई सरकून त्या रिकाम्या जागेवर आली. आणि विहीणबाई, फेऱ्याच्या नियमाप्रमाणे, एक पाऊल पुढे गेल्या.

त्यांच्यासमोर आता गिरजाबाईच्या नंतरची बाई होती. गिरजाबाई मागे राहिली होती, रिकाम्या पत्रावळीपुढे.

"पाहिलं?" विहीणबाई मागे वळून म्हणाल्या. "पंगत चालून रायली असताना मी माणूस उठवला. तू सरकून आली अन् मी समोर चालली गेली. बकरी नाई वो गिरजे, बकरी नाई."

गिरजाबाईने मान हलवली. "समजलं. तुह्या मनात नव्हतं. पण हे मी पऱ्ह्याईले कसं समजावू?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच साऱ्याजणी तिच्या बांधीत होत्या. मीही गेले. नवी नवरी असताना मी सासरच्या बांधीत पहिल्यांदा उतरले ती उंच टाचेची चप्पल घालून. चिखलाने चप्पल ठेवून घेतली आणि मला परत केलं, आणि माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, सौदा महाग पडला. या वेळी मी अनवाणी उतरले, तरी धुऱ्यापर्यंत पोचायच्या आत बसकण मारली. पण कोणी हसलं नाही. पऱ्ह्यांचे शेंडे खुडून, दाट दाट लावून, जेवढं सावरता येईल तेवढं सावरलं. गिरजाबाईच्या शेजारच्या ओळीत विहीणबाई इतक्या वेगाने रोवत होत्या की जणू मागे राहिलेले दिवसच त्या चिखलात खोवून टाकणार होत्या.

दिवस असे खोवता येत नाहीत. दिवाळीनंतर बाजूबाजूच्या बांध्यांत धान वाकलेला होता आणि गिरजाबाईचा लोंब्या आखूड घेऊन ताठ उभा. विहीणबाईंनी नव्या तांदळाचं पोतं तिच्याकडे पाठवलं. ते तसंच परत आलं, निरोपासकट: "मले तांदूळ नाई पाहिजे होता. बोलावणं पाहिजे होतं."

प्रोग्राम आता दुरुस्त आहे. पूर्ण फेरा होईपर्यंत यादीतून कोणाचंही नाव निघत नाही. माझ्या लेकीने तपासलाय, या नव्या पावसाळ्याच्या रोवण्यात एकही बाई सुटलेली नाही. गिरजाबाईच्या फोनवरही मेसेज गेला, तिने नातीकडून वाचूनही घेतला. तरी ती सकाळी फाटकाशी येते.

"माझी पाळी हाय ना वो?"

बाकी बायकांना विहीणबाई सांगतात, "मशीन बोललं ना, मंग झालं. जा." गिरजाबाईला तसं म्हणत नाहीत. लॅपटॉप ओट्यावर आणतात, पहिल्यापासून फेरा लावतात आणि एकेक नाव मोठ्याने वाचतात. मधलं एकही गाळत नाहीत. गिरजाबाईचं नाव येतं तेव्हा थांबतात.

"ऐकाले आलं?"

"आलं," म्हणून ती फाटकावरूनच वळते. उद्या पुन्हा येते.

रोवण्यासाठी यंदाही मी इथे मुक्कामाला आहे; परवा विचारलं, "ईनबाई, असं किती दिवस वाचून दाखवणार?"

"ते आत येऊन बसत नाई तवरक," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या कामाला पळाल्या.

मी काही प्रोग्राम लिहू शकत नाही. मी एवढंच केलं, ओट्यावर, फाटकातून दिसेल असा, एक पाट मांडून ठेवला. सध्या त्यावर मांजर बसतं. गिरजाबाई येताना दिसली की मी त्याला उठवते.