मे महिन्यातला आकडा

बोईसरच्या त्या कारखान्याचा विषय निघाला की मी नेहमी बर्फाची गंमत सांगतो. समोरचा हसतो, चहा येतो आणि पुढचं सांगायचं राहून जातं. राहून जातं म्हणजे मी राहू देतो. बायकोलाही मी गमतीपलीकडे काही सांगितलेलं नाही. आता पंच्याहत्तरी जवळ आली आहे. टाळत राहिलो तर हे माझ्याबरोबरच जाईल. म्हणून गंमत आधी सांगून टाकतो आणि मग बाकीचं लिहितो.

मी शिरगावचा. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीत पहाटे पायाशी पडलेली चादर गळ्यापर्यंत ओढायची, एवढीच. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उभा जन्म आराखडे काढण्यात गेला. निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी बोईसरच्या एका छोट्या कारखान्यानं बोलावलं. हिमालयातल्या थंड गावांसाठी ते लाकडी चौकटींची घरं बनवायचे. भिंतींचे भाग इथं तयार व्हायचे, आवारात एकदा पूर्ण घर उभं करून तपासायचं, मग ते खोलून, तुकड्यांवर नंबर घालून ट्रकनं वर पाठवायचं. मी जिथं कधी पाऊल ठेवलं नव्हतं त्या मुलखातल्या थंडीसाठी मला घर आखायचं होतं. हवामानाचे तक्ते होते, पण तक्त्यानं अंगावर काटा येत नाही. म्हणून मुरबे गावाकडच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो, जिथून मासेमारीच्या बोटींना बर्फ जातो, आणि आत पंधरा मिनिटं उभं राहू द्या म्हणालो. तिथल्या माणसानं मला अर्ध्या बाह्यांच्या स्वेटरात वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काका, पापलेट व्हायचंय का तुमाला?"

ही झाली गंमत.

घर 'शून्य ऊर्जेचं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. वर्षभरात ते जेवढी वीज खाईल तेवढी त्याच्या छपरावरच्या सौर पट्ट्यांनी परत द्यायची. थंड प्रदेशात बहुतेक वीज ऊब ठेवण्यात जाते. म्हणून दक्षिणेला मोठी काच लावायची, भिंती जाड करून त्यात रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, ठासायचं आणि घराला कुठं फट ठेवायची नाही. फटीतून ऊब गेली की हिशेब कोसळतो. म्हणून दारात मोठा पंखा बसवून घरातली हवा बाहेर खेचायची आणि बाहेरून किती आत शिरते ते यंत्रावर वाचायचं. आकडा मर्यादेत आला तरच दाराशेजारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लागायची. तिच्यावर घराची ऊर्जेची गरज, छपराची निर्मिती, हवागळतीचा आकडा आणि तळाशी 'तपासणारा' म्हणून सही. सही माझी.

सांधे भरायचं काम सात-आठ बायका करायच्या. त्यांतली एक पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावाची होती. घरची शेती पावसावरची, तांदूळ दिवाळीनंतर फार दिवस पुरायचा नाही. मग सगळं कुटुंब वीटभट्टीवर जायचं. कारखान्यात काम लागल्यावर तिनं बेटेगावला खोली घेतली आणि दोन्ही मुलींना तिथल्या शाळेत घातलं. पंखा सुरू झाला की बाकीच्या बायका उदबत्ती घेऊन धूर कुठं हलतो ते बघायच्या. ही उदबत्ती घेत नसे. मुठीची मागची बाजू ओठांनी ओली करायची आणि सांध्यावरून सावकाश फिरवायची. हात थांबला की तिथं खडूनं खूण करायची. तिची खूण कधी चुकली नाही. आमच्या गावच्या घरात कुडाच्या भिंती, वारा नुसता आरपार जातो, त्याची ओळख लहानपणापासूनची, असं ती हसत सांगायची.

कारखान्याचा मालक तरुण आणि सरळ माणूस होता. त्यानं तिला संक्रांतीपासून सांधे विभागाची प्रमुख करायचं ठरवलं होतं. मुली दहावीपर्यंत बेटेगावातच राहतील, भट्टी सुटली, असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं.

पहिलं घर एका पहाडी गावातल्या निवृत्त मास्तरांचं होतं. तिथं ते, त्यांची पत्नी आणि त्यांची म्हातारी आई राहणार होते. मे महिन्याच्या शेवटी घर आवारात उभं राहिलं आणि आम्ही पंखा लावला. आकडा मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आला. चौकटींचं लाकूड पुरतं सुकायच्या आधीच कापून जोडलं होतं. ती घाई माझी होती. उन्हानं लाकूड आक्रसलं आणि सांध्यासांध्याला फट पडली. मी आकडा माझ्या निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिला. ती शेजारी उभी राहून बघत होती. तिची शाळा चौथीपर्यंतची, पण आकडे तिला नीट वाचता यायचे.

तिनं तिथंच उपाय सांगितला. सगळं खोलायचं, पाऊस सरल्यावर लाकूड पत्र्याच्या शेडखाली दोन महिने पुरतं सुकवायचं, मग सांधे नव्यानं भरायचे. हे बरोबर होतं, मला कळत होतं. पण तसं केलं असतं तर बर्फ पडायच्या आत घर वर पोचलं नसतं. वर्ष गेलं असतं आणि लाकूड ओलं वापरल्याचं माझ्या नावावर आलं असतं. मी मालकाला सांगितलं की यंत्र नीट लागलं नव्हतं, श्रावणात पुन्हा तपासू. मेच्या तपासणीचा कागद फाइलला लावलाच नाही.

श्रावणात आमच्या किनारपट्टीवर काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा. मीठ पाझरतं, कपाटं उघडत नाहीत. घराचं लाकूड फुगून सांधे आपोआप मिटले. पंखा लावला, आकडा मर्यादेच्या आत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनं हात ओला करून एक चक्कर मारली, खडू खिशात टाकला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "लाकूड पाणी पिलंय, काका. आमचं दार पावसात लागत नाय आणि होळीला त्याच फटीतून मांजर जातं. तिकडं सुकलं का परत तेच."

"आता तू शिकव मला," मी म्हणालो, बाकीच्यांना ऐकू जाईल असं. बायका हसल्या. तीही हसली.

पट्टीवर सही केली तेव्हा आकडा खोटा नव्हता. तपासणीही खोटी नव्हती. फक्त कोणत्या महिन्यात तपासायचं ते मी निवडलं होतं.

डिसेंबरात मास्तरांनी मालकाच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. विजेच्या बटणांच्या पाटीभोवती पांढरं दव गोठलं होतं. हीटर दिवसभर चालू, आणि त्याला लागून त्यांची आई दोन रजयांत बसलेली. शेवटी त्यांनी कॅमेरा दाराशेजारच्या पट्टीवर नेला आणि हिंदीत शांतपणे म्हणाले, "साहब, यह तख़्ती बहुत सुंदर है। माताजी को यही ओढ़ा दूँ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता. पहिल्याच घराची पट्टी खोटी ठरली, सांधे सुटले आहेत, हे काम कुणाचं, एवढंच त्यानं विचारलं. तो माझ्याकडे बघत होता, कारण मला माहीत असणार अशी त्याची खात्री होती. ती पहिल्या रांगेत उभी होती. निळी वही माझ्या काखेत होती.

मी म्हणालो, "सांधे हिच्या हातचे आहेत."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच त्याबद्दल इतकी वर्षं मला कुणाशी बोलता आलेलं नाही.

तिनं मालकाकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळून, जणू मी काहीतरी विसरलो आहे आणि आठवण करून द्यायची आहे, अशा सुरात तिनं विचारलं, "काका, मे महिन्यातला आकडा वहीत हाय ना?"

"कसला आकडा?" मी म्हणालो.

ती थोडा वेळ माझ्या काखेकडे बघत राहिली. मग तिनं हाताला लागलेला सांधे भरायचा मसाला पदराला पुसला. प्रमुखपद दुसरीला मिळालं. हिला कामावरून काढलं नाही, पण सांध्यांवरून हलवून झाडलोटीला लावलं. ती आठ दिवसांनी यायची बंद झाली. त्या आठ दिवसांत बायका मला नमस्कार करत नव्हत्या. एकदा मी जवळून जात असताना एक जण दुसरीला म्हणाली, "आता फटी शोधायला काकांनाच धाड वर. त्यांचा हात कोरडाच हाय."

पुढचं सगळं सुरळीत झालं, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते. मी वर सुकवलेल्या लाकडाच्या पट्ट्या आणि रबर पाठवलं, तिथल्या सुतारानं सांधे नव्यानं भरले, मास्तरांचं घर उबदार झालं. पुढच्या घरांसाठी मी नियम केला: लाकूड दोन महिने शेडखाली सुकवायचं, तपासणी कोरड्या दिवसांतच करायची. पालघरला एका प्रशिक्षणात तरुण अभियंत्यांसमोर हा नियम मांडला. एकानं विचारलं, हे कसं सुचलं, सर? मी म्हणालो, अनुभवानं. त्यांनी ते लिहून घेतलं.

काम सोडल्यावर एकदा बेटेगावला गेलो. खोलीत दुसरं कुटुंब होतं. शेजारणीनं सांगितलं की ती लोकं कधीच गेली, भिवंडीकडे भट्टीवर, मुलींना घेऊनच. कुठली भट्टी ते तिला माहीत नव्हतं. मी विचारलंही एकदाच.

त्यानंतर गेल्या जूनच्या सुरुवातीला ती मला दिसली. बोईसर स्टेशनबाहेर डोंगरातल्या बायका रानभाजी घेऊन बसतात, त्यांत ती होती. पुढ्यात शेवळांच्या जुड्या आणि पानावर काकडांच्या आंबट फळांचा ढीग. केस पिकले होते. वही माझ्या पिशवीत होती. तिकडे जाताना मी ती नेहमी बरोबर ठेवायचो, याच भेटीसाठी. मी ओळख न देता पुढे जाऊ शकलो असतो. तिनंच हाक मारली.

"काका, काकी बरी हाय ना?"

बरी आहे म्हणालो. तिनं दोन जुड्या माझ्या पिशवीत घातल्या, वर मूठभर काकडं टाकली आणि काकडं घातल्याशिवाय शेवळं शिजवू नका, घसा खाजेल, हे काकीला सांगा, असं बजावलं. मुलींचं विचारलं तर थोरलीचं लग्न झालं, धाकटी तिच्याबरोबर असते. शाळेचं तिनं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग तिनं विचारलं, "तिकडचं घर गरम झालं का हो?"

"झालं."

"बरं झालं. म्हातारी होती ना तिथं."

मागून एक बाई शेवळं बघायला वाकली आणि मी बाजूला झालो. पिशवीत वही शेवळांच्या खाली गेली होती. ती काढायची तर जुड्या आधी बाहेर ठेवाव्या लागल्या असत्या. एवढ्या कारणावरून मी न सांगताच घरी आलो. बायकोनं भाजी केली, काकडं घालून. मी ताट बाजूला सरकवलं. घसा खाजतो म्हणालो. यंदाच्या जूनमध्ये चार वेळा जाऊन आलो. ती जागेवर नव्हती.

मला तिला जे सांगायचं होतं ते फार मोठं नाही. स्टेशनबाहेर उभ्याउभ्या सांगून झालं असतं. बाई, आकडा वहीत होता. तू विचारलंस तेव्हा वही माझ्या काखेत होती आणि तुला ती दिसत होती. लाकूड मी ओलं वापरलं, महिना मी निवडला, आणि तुझा हात बरोबर होता. मला माफ कर.