मुजावर मॅडमचा कोपरा

मुजावर मॅडम फळा कधीच पूर्ण पुसायच्या नाहीत. वरच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी खडूनं एक चौकोन आखलेला असायचा. वर्गात कुणाचं गणित चुकलं की त्यानं ते जसंच्या तसं त्या चौकोनात उतरवायचं, खाली स्वतःचं नाव आणि तारीख घालायची, आणि आठवडाभर ते तिथंच राहायचं. नव्या मुलांना पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन महिन्यांत मात्र तीच मुलं "मॅडम, आज माझी चूक लावा की, सोमवारपासनं त्याचीच हाय" म्हणून भांडायला लागायची. शिपायाला सक्त ताकीद होती. "सगळा फळा पूस, तेवढा कोपरा सोड. पोरांची इस्टेट हाय ती."

चूक शोधायची त्यांची रीतही वेगळीच. मुलगा चुकलेल्या उत्तराकडे बघत डोकं खाजवत उभा राहिला की मागून आवाज यायचा, "खाली काय बघालायस? उत्तर खाली चुकतं. चूक दोन ओळी वर असती." मुलगा एकेक ओळ वर चढायचा, कुठंतरी थबकायचा आणि त्या जागेभोवती गोल करायचा. मॅडम स्वतः कधी चूक दाखवायच्या नाहीत. तास संपला तरी बेहत्तर, गोल त्यानंच करायचा.

मी देसाई, त्या कॉलेजात गणिताचा विभागप्रमुख. आणि मुजावर मॅडम आमच्याकडे तासिका तत्त्वावर. म्हणजे वर्गात उभं राहाल तेवढ्या तासांपुरत्या तुम्ही प्राध्यापक, सुट्टी लागली की तुम्ही कुणीच नाही. दर जूनला मुलाखत नव्यानं. वर्षभर ज्या बाईच्या शेजारी बसून मी डबा खाल्ला, तिला दर जूनमध्ये मी टेबलापलीकडून विचारायचो, "मॅडम, आपला परिचय द्या." त्या फाईल पुढं सरकवून म्हणायच्या, "मी तीच की सर, एप्रिलातली." मुलाखत घेणारे हसायचे. मीही हसायचो. आज ते हसू आठवलं की माझंच थोबाड फोडावंसं वाटतं.

बाई शिवाजी पेठेतल्या. अंगानं किरकोळ, आवाज मात्र तालमीच्या दारातून हाक मारावी तसला. पेठेतल्या बायकांसारखं स्वतःबद्दलही पुरुषासारखं "मी येतो", "मी सांगतो" असंच बोलायच्या. वडील शिलाईकाम करायचे, आणि त्यांचं एक वाक्य मॅडम उठता बसता सांगायच्या. "आमचे अब्बा म्हणायचे, आधी खडू, मग कात्री. खडू पुसता येतो, कापलेलं कापड जुळत न्हाय." मुलांना त्या पेननं गणित सोडवू द्यायच्या नाहीत, ते त्यामुळंच.

माझी शिकवण्याची रीतही सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्याकडे एक वही होती. नोकरीला लागलो तेव्हा मन लावून केलेली, नंतर पानं पिवळी पडलेली. ती मी वाचायचो, मुलं उतरवून घ्यायची. विनोदही वहीत ठरलेल्या जागी होते. एकदा मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचं लेक्चर एकदा रेकॉर्ड करून ठिवा. वरीसभर घरी बसता यील." मी खळखळून हसलो. टोमणा आहे हे कळलंसुद्धा नाही. कळलं असतं तरी वही सोडली नसती म्हणा.

आता हे लक्षात घ्या, की परदेशी विद्यापीठांचे ते फुकट ऑनलाइन कोर्स आमच्या कॉलेजात पहिल्यांदा आणले ते मुजावर मॅडमनीच. आम्ही कायम नोकरीवाले निवृत्तीची गणितं करत होतो, तेव्हा ही बाई घरी मोबाईलवर कान देऊन, न कळलेले शब्द वहीत टिपून, एकामागून एक कोर्स पुरे करत होती. एक दिवस स्टाफरूममध्ये आल्या त्या उड्या मारायच्याच बाकी होत्या. "सर, एवढा मोठा मास्तर, आणि फुकट शिकवालाय! आमच्या वेळी ह्यो असता तर मी कुठल्या कुठं गेलो असतो." मग त्या वर्गात भिंतीवर तो व्हिडिओ लावायला लागल्या. त्या प्राध्यापकाला मुलं आणि मॅडम मिळून 'पावणं' म्हणायची. दोन मिनिटं झाली की मॅडम व्हिडिओ थांबवायच्या. "पावणं, जरा दम खावा. ऋतुजाचं तोंड बघा, तिला कळलेलं न्हाय." मग ऋतुजा फळ्यापाशी, तिची चूक कोपऱ्यात, ती सुटली की पुन्हा पावणं सुरू.

ऋतुजा मलकापूरच्या वरच्या अंगाच्या गावातली, पहिल्या एसटीनं यायची. पुढं एमएस्सी करायचं, तेही चांगल्या विद्यापीठात, हे तिनं आणि मॅडमनी मिळून ठरवलेलं. मॅडम म्हणायच्या, "पावणं लई हुशार हाय, माझ्यापरास धा पट. पण त्याला हिचं तोंड दिसत न्हाय. ते मला दिसतं. दोघं मिळून हिला काढतो की वर."

मग ती मीटिंग झाली. प्राचार्यांनी जाहीर केलं की येत्या सत्रापासून तिसऱ्या वर्षाचा ऐच्छिक पेपर पूर्ण ऑनलाइन. नियमात बसतं. "जगातला एक नंबरचा प्राध्यापक आपल्या पोरांना फुकटात शिकवणार. वर्ग नको, फळा नको, माणूस नको." लोकांनी माना डोलावल्या. तो पेपर मॅडमचा होता. तासिकावाल्यांना मीटिंगला बोलवायची पद्धत नाही, त्यामुळं त्या तिथं नव्हत्या. तोंड उघडायचं तर मीच उघडायला हवं होतं. माझी वही व्हिडिओवर टाकली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मी भडंगाच्या प्लेटमधले शेंगदाणे वेचत बसलो. ज्यांना खरंच बदलायला हवं होतं ते आम्ही सगळे जागच्या जागी राहिलो आणि जी बाई बदल घेऊन आली तिलाच त्या बदलाच्या नावाखाली हलवलं. हा निर्लज्जपणा आहे. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

बातमी मीच सांगितली. मॅडमनी हातातला खडू डब्यात ठेवला. मग म्हणाल्या, "पावणं आलं म्हणून घरच्यानी घर सोडायचं व्हय सर? पावण्याचा काय दोष न्हाय. तुमी खडू न मारता डायरेक्ट कात्री घेतली."

कॉलेजनं त्यांना त्या कोर्सचं 'समन्वयक' केलं. काम एवढंच, की सत्राच्या शेवटी 'सर्व विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम स्वतः पूर्ण केला' या कागदावर सही करायची. कोर्स चालला कसा, ते ऐका. सगळ्या मुलांचे पासवर्ड कॉम्प्युटर लॅबमध्ये एका कागदावर लिहून चिकटवले होते. सकाळी तिथला माणूस सगळी यंत्रं लावायचा, आवाज बंद करायचा आणि निघून जायचा. व्हिडिओ आपोआप 'पाहिला' अशी नोंद व्हायची. चाचणीची उत्तरं मुलांच्या ग्रुपवर फिरायची. यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. उलट निकाल शंभर टक्के लागणार म्हणून आनंदच होता.

एका दुपारी मॅडम मला हाताला धरून तिथं घेऊन गेल्या. लॅब मोकळी. तीस पडदे, तीस पडद्यांवर तोच प्राध्यापक हातवारे करत होता, आणि खोलीत चिटपाखरू नाही. मॅडमनी एका यंत्राचा आवाज वाढवला. प्राध्यापक म्हणत होता, आता व्हिडिओ थांबवा आणि हे गणित तुम्ही स्वतः करून बघा. मग तो काही क्षण आपल्याकडं बघत गप्प उभा राहिला.

"बगा," मॅडम म्हणाल्या, "पावणं इचारालाय, आणि घरात कोण न्हाय."

मग त्या एकेका यंत्रापाशी गेल्या आणि तीसच्या तीस ठिकाणी त्यांनी तो व्हिडिओ हातानं थांबवला. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या रागानं रडत होत्या. मी दारात उभा राहिलो. एकही यंत्र मी थांबवलं नाही.

सत्र संपलं आणि कागद पुढं आला. मॅडमनी सही करायला साफ नकार दिला. प्राचार्य समजुतीनं म्हणाले, "मॅडम, सगळीकडं असंच चालतंय."

"म्हंजे सगळ्यांची गाडी एकाच ओळीला घसरलीया," मॅडम म्हणाल्या. "मी सही करत न्हाय. पोरगं शिकलं न्हाय, आणि शिकलं म्हणून मी लिवून द्यायचं? त्याच्यापरास मला नापास करा."

प्राचार्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. समन्वयक करत नसतील तर विभागप्रमुख करतील. मी खिशातून पेन काढलं. मॅडम माझ्या हाताकडं बघत होत्या. मी सही केली. नाव, हुद्दा, तारीख, सगळं सुवाच्य.

त्या जूनमध्ये मुलाखतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. 'तासिका शिल्लक नाहीत' एवढंच कारण. खडूचा डबा न्यायला त्या आल्या तेव्हा वर्गात नवा पांढरा फळा बसला होता आणि कोपरा गेला होता. मी काहीतरी पुटपुटलो, की पुढच्या वर्षी बघू, निघतील तास. "बरं सर, येतो," म्हणाल्या आणि गेल्या. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्याभरानं ऋतुजा विभागात आली. तिनं टेबलावर प्रमाणपत्र ठेवलं. "सर, ह्ये तुमच्या सहीनं मिळालंय. ह्यात लिवलंय ते मला सगळं येतं म्हणून. मला त्यातलं निम्मं बी येत न्हाय. एमएस्सीची प्रवेश परीक्षा तोंडावर आलीया. शिकवता काय?"

मी वही काढली. तो भाग वहीत नव्हता. फळ्यावर जाऊन करून बघायला लागलो आणि चौथ्या ओळीवर अडकलो. ऋतुजा वाट बघत उभी होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर सोसला असता, पण तिला माझी कीव आली होती. "ऱ्हाऊ द्या सर," ती म्हणाली. "मुजावर मॅडम रविवारी घेत्यात. तिकडं जातो." त्या दिवशी मला जी चीड आली ती अजून शमलेली नाही. प्राचार्यांवर, यंत्रणेवर, त्या शंभर टक्के निकालावर, आणि सगळ्यात जास्त त्या पिवळ्या वहीवर.

पुढच्या रविवारी सकाळी मी शिवाजी पेठेत गेलो. तालमीच्या माडीवरची खोली तालमीतल्या पोरांनी मॅडमना दिली होती. खाली जोरबैठका चाललेल्या, जिन्यात फुटबॉलचे बूट वाळत टाकलेले, आणि वर सतरंजीवर चार कॉलेजांची मुलं. सगळ्यांना आपापल्या कॉलेजनं तोच फुकट कोर्स लावून वाऱ्यावर सोडलेलं. भिंतीवर पावणं बोलत होतं. शेजारी काळा फळा होता आणि त्याच्या डाव्या कोपऱ्यात चौकोन होता.

"या देसाई सर," मॅडम म्हणाल्या. "मागं जागा हाय." मी मुलांमध्ये मांडी घालून बसलो. पावण्यानं प्रश्न विचारला, व्हिडिओ थांबला, ऋतुजा उठली, चुकली, कोपऱ्यात गेली, एकेक ओळ वर चढली, गोल केला. माझ्या हातून न सुटलेलं गणित तिनं माझ्यासमोर सोडवलं. इतक्या वर्षांत मॅडमचा पूर्ण तास मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

तास संपला तसा मी उठलो आणि मुलांसमोरच म्हणालो, "मॅडम, माझं चुकलं. माफ करा."

"माफी-बिफी नको सर," त्यांनी खडू पुढं केला. "हितं रीत हाय. लिवा."

मी चौकोनात अगदी खाली लिहिलं, 'न शिकलेल्या मुलांना शिकल्याची सही दिली.' नाव घातलं, तारीख घातली, आणि त्या ओळीभोवती गोल करायला हात उचलला.

"खाली काय बघालाय सर?" मागून आवाज आला.

मी वरच्या ओळीत लिहिलं, 'मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही.' मागून काहीच आवाज आला नाही. मी आणखी एक ओळ वर गेलो. तिथं मला फार वेळ लागला. ऋतुजाच्या एसटीची वेळ झाली होती, पण ती हलली नाही. शेवटी मी लिहिलं, 'वीस वर्षं वर्गात वही वाचली.' आणि त्याभोवती गोल केला.

मॅडम पुढं आल्या, गोल नीट बंद झालाय का ते त्यांनी बघितलं आणि खडू माझ्या हातातून काढून घेतला. "आठवडाभर ऱ्हाईल ह्ये हितं," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी या. वही घरी ठिवून."