चातुर्मासात सोडलेली गोळी

पाथर्डीच्या उन्हाळ्यात माणसं भिंतीच्या सावलीला धरून चालतात. त्या वर्षीच्या वैशाखात माझी आई मात्र अंगणात ऊन शोधून त्यात बसायची, आणि वर गोधडी पांघरायची. लढाईची वर्षं होती. मी चौदा-पंधरा वर्षांची, वडील गावच्या मराठी शाळेत मास्तर. घरात चौथं माणूस म्हणजे आत्या, वडिलांची थोरली बहीण. ती लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली होती. घर आत्या चालवायची आणि आई तिला चालवू द्यायची. दोघींचं बरं जमायचं, कारण भांडायला आईला वेळच नसे. तिचा जीव पोथीत असायचा.

दर चातुर्मासात दुपारची जेवणं उरकली की आळीतल्या बायका मारुतीच्या देवळात जमायच्या आणि आई पोथी वाचायची. गळा गोड नव्हता तिचा, पण स्वच्छ होता. शेवटच्या खांबाला टेकलेल्या बहिऱ्या म्हातारीलाही शब्द न् शब्द कळायचा. राक्षस बोलायला लागला की आई आवाज असा काही जाड करायची, की पोरं आयांच्या मांडीत तोंड खुपसायची. घरी हळू बोलणारी ही बाई तिथं बसली की राणी व्हायची. मला तिचा फार अभिमान वाटे. तो मी कधी बोलून दाखवला नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती.

आमच्या घरात बाईच्या अंगातलं काहीच झाकून राहत नसे. महिन्याचे ते दिवस आले की तिनं मागच्या पडवीत बसायचं, पाण्याचा तांब्या वेगळा, घोंगडं वेगळं. लहान मुलांनी विचारलंच तर ‘कावळा शिवला’ म्हणून वाटेला लावायचं. त्यामुळे आईचं बाजूला बसणं थांबलं, तेव्हा ते आळीतल्या साऱ्या बायकांना कळलं. आई तेव्हा चाळिशी ओलांडून थोडीच पुढे गेली होती. “सुटलीस बाई एकदाची,” आत्या म्हणाली आणि तिच्या तोंडावर खरा आनंद होता. आता आईला बाराही महिने सोवळ्यात स्वयंपाक करता येणार होता. सुटली नेमकं कोण, हे विचारायची माझी छाती नव्हती.

तिथून पुढे आईला जे जे झालं ते सगळं ‘त्या वयाचं’ झालं. फणीत केसांचे पुंजके यायला लागले, ते वयाचं. तांदूळ निवडता निवडता ती बसल्या जागी पेंगायची, ते वयाचं. चेहरा सुजला, बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तर बायका म्हणाल्या, “मास्तरीणबाईंनी बाळसं धरलंय.” दंडावरची कातडी खरखरीत झाली, मीठ घातलं की नाही ते आठवेना, बोलणं जड आणि घोगरं झालं. सगळं वयाचं. वैद्यबुवांनी नाडी धरली आणि तेच सांगितलं.

आणि त्या वयाचा उपाय आत्याला पाठ होता. या दिवसांत अंगात उष्णता चढते, तेव्हा थंड द्यायचं. सकाळी गुलकंद, दुपारी सब्जा, संध्याकाळी धन्याजिऱ्याचं पाणी, प्यायला माठात वाळा, तळपायांना मेंदी. आत्या हे सगळं मायेनं करायची, म्हणून आणखीच चीड यायची. आई गोधडीतून हात बाहेर काढून वाळ्याच्या पाण्याचा पेला घ्यायची, मुकाट्यानं प्यायची आणि हात परत आत घ्यायची. तिला एकदाही कुणी विचारलं नाही की बाई, तुला उकडतं का?

त्या चातुर्मासात आईची पोथी अडखळायला लागली. ओळ दोनदा वाचली जायची. राक्षस आणि देव एकाच घोगऱ्या आवाजात बोलायला लागले. आणि एका दुपारी वाचता वाचता तिची मान खाली गेली, ती तिथंच झोपली. एकदोघी हसल्या. मग खांबाजवळची म्हातारी हळूच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या बाईन्ला. दमल्यात लई. पोथी दुसऱ्या कुनाला तरी द्या आता.” दुसऱ्या दिवसापासून पलीकडच्या घरातली सून वाचायला बसली.

आई घरी आली ती उंबऱ्यातच बसली. “पोथी गेली माझी,” एवढंच म्हणाली आणि रडली. बऱ्याच दिवसांत तिच्या चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच आलं नव्हतं. ते रडणं पाहून वडील हादरले. दिवाळी होताच त्यांनी आत्याचं न ऐकता नगरला जायचं ठरवलं.

तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी असायची, तिच्याच वायूवर गाडी चालायची आणि चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. आईला चालवेना, म्हणून ती एकटी आत बसून राहिली आणि आम्ही बापलेक मागून धूर खात चाललो. नगरच्या मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आपल्याच मुलखातल्या ख्रिस्ती होत्या. बोलायला तोडून टाकणाऱ्या. त्यांनी कानटोपी घातलेल्या आईला खुर्चीवर बसवलं आणि पहिलाच प्रश्न केला, “बाई, तुम्हाला उकडतं का?”

आईनं वडिलांकडे पाहिलं. उत्तर द्यायची परवानगी मागावी तसं. मग म्हणाली, “नाही हो. थंडी वाजते.”

“घाम येतो? रात्री अंगातून वाफा निघतात? छाती धडधडते?”

“घाम येऊन किती दिवस झाले, आठवत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी तिची नाडी मोजली, भुवयांची विरळ झालेली टोकं पाहिली, सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला, एक लहानशी हातोडी घोट्याच्या मागे मारून पाय कसा सावकाश मागे येतो ते पाहिलं. मग वडिलांना म्हणाल्या, “पाळी जायच्या वयात बाई थकते, जाड होते, विसरते, झोपेचं बिनसतं. यांचंही तसंच झालंय, म्हणून तुमची फसगत झाली. पण त्या वयात बायका पदर सोडून वारा घेतात, आणि या कानटोपी सोडत नाहीत. प्रत्येकाच्या गळ्यात एक गाठ असते, ती अंगातली चूल पेटती ठेवते. यांची चूल विझत चाललीय. पाळी त्यानंही थांबते.”

त्यांनी एक बाटली दिली. रोज एक गोळी, जन्मभर. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, हे त्यांनी आईला दोनदा बजावलं. मग वडिलांना आणि मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, की ही गोळी मेंढीच्या गळ्यातल्या गाठीची पूड करून बनवतात. “तुमच्या घरात चालत नसेल तर आत्ताच सांगा. पण दुसरं औषध नाही.” वडिलांनी बाटली कोटाच्या खिशात टाकली. “चालेल,” म्हणाले. परतीच्या मोटारीत त्यांनी मला काही बजावलं नाही, पण गोळी कशाची ते घरी कुणाला सांगायचं नाही, हे मला कळलं.

त्यानंतरचे महिने मी अजून जपून ठेवले आहेत. सूज पहिल्यांदा डोळ्यांवरून उतरली. मग एक दिवस बांगड्या मनगटात खुळखुळल्या. माघात आईनं गोधडी स्वतः धुऊन वाळत घातली आणि आत्याला म्हणाली, “वन्सं, ते गुलकंदाचं पुरे झालं आता.” आत्या इतकी चकित झाली, की तिला रागवायचंही सुचलं नाही. आणि होळीच्या सुमाराला एका सकाळी आई चुलीपाशी दिसेना. मी मागं गेले तर ती पडवीत, घोंगड्यावर, वेगळा तांब्या घेऊन बसलेली आणि हसत होती. “अगं, कावळा शिवला!” ती म्हणाली. तिचा जुना आवाज, स्वच्छ, पार परसापर्यंत जाणारा. त्या पडवीचा मला जन्मभर तिटकारा वाटत आला, पण त्या दिवशी तिथं बसलेली आई पाहून मला रडू आलं. आत्या दारात येऊन उभी राहिली. “म्हणजे वय झालंच नव्हतं की गं तुझं,” असं पुटपुटली आणि स्वतःच चुलीकडे वळली.

एका जेवणानंतर आईनं गोळी तळहातावर घेऊन विचारलं, “अहो, ही कशाची असते?” आत्या तेव्हा देवळात गेली होती. वडिलांना खोटं बोलता यायचंच नाही, त्यांचे कानच लाल व्हायचे. त्यांनी सांगून टाकलं. आई गोळीकडे पाहत राहिली. “इतके दिवस पोटात गेलीच आहे,” ती म्हणाली. “ती मेंढी बिचारी माझ्या पोथीसाठीच मेली म्हणायची.” आणि गोळी तोंडात टाकून ती वर पाणी प्याली. वडील मोठ्यानं हसले. मला वाटलं, आता भीती सरली.

आषाढात एकादशी तोंडावर आली. आमच्याकडे चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद व्हायचं. शिवाय ज्यानं त्यानं आपापलं काही सोडायचं, कुणी गूळ, कुणी चहा. आई म्हणाली, “मी गोळी सोडते.”

वडील ताटावरून उठले. “अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? जन्मभर.”

“जन्मभर घेईन की. हे चार महिने तेवढे नकोत. त्याच तोंडानं पोथी कशी वाचू मी? तुम्हीच सांगा.” ती भांडत नव्हती, समजावत होती. “कार्तिकात उद्यापन झालं की दुसऱ्या दिवशी तुमच्या हातानं द्या.”

वडिलांनी बाटली तिच्यापुढे ठेवली, विनवलं, दोन दिवस अबोला धरला. आत्याला गोळीचं मूळ ठाऊक नव्हतं, तिला भाऊ उगाच हट्ट करतोय असं वाटलं. आणि दुर्दैव असं, की गोळी सोडल्यावर काहीच झालं नाही. सारा श्रावण आई टवटवीत राहिली. देवळात इतकी गर्दी कधी झाली नव्हती, राक्षस पुन्हा गरजला, पोरांनी पुन्हा तोंडं लपवली. आत्या म्हणाली, “बघ, दुखणंच होतं ते. आलं नि सरलं.” वडीलही मग बाटलीचं नाव काढेनासे झाले. अंगात साठलेलं औषध सावकाश संपतं, हे आम्हाला कुणाला ठाऊक असणार?

भाद्रपदात ती पडवीत बसली नाही. नवरात्रात तिनं शाल घेतली. आवाज जड होत गेला, ओळी पुन्हा दोनदा वाचल्या जाऊ लागल्या. वडील रोज म्हणायचे, “आता तरी घे.” ती म्हणायची, “थोडेच अध्याय उरलेत.” मागच्या वर्षी बायकांनी तिची पोथी काढून घेतली, म्हणून तरी ती दवाखान्यात पोचली होती. या वर्षी त्यांना तिचा इतका लळा लागला होता, की कुणी ती काढून घेतली नाही. ती थांबली की त्या थांबायच्या. मान खाली गेली की शेजारची हळूच खांद्याला हात लावायची. खांबाजवळची म्हातारी म्हणायची, “सावकाश वाचा बाई. आमाला कुटं जायाचंय?” तो शब्द इतका प्रेमाचा होता, की मला आजही त्या म्हातारीवर धड रागावता येत नाही.

शेवटचा अध्याय दिवेलागणीपर्यंत चालला. आईनं पोथी बांधली, कपाळाला लावली. दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे वडिलांनी तिला आपल्या हातानं गोळी दिली. तिनं ती शहाण्या मुलासारखी घेतली. पण गोळी अंगात भिनतेही सावकाशच, आणि त्या वर्षी मार्गशीर्षातच थंडी कडकडीत पडली होती आणि आई दिवसचे दिवस झोपून राहायला लागली. एका सकाळी तिला उठवायला गेले, तर तिचा हात माठासारखा गार होता. श्वास चालू होता, फार सावकाश. वडील मोटार ठरवायला धावले. मी आणि आत्या तिचे तळवे चोळत बसलो. मोटार दारात येईपर्यंत आई गेली होती.

आत्या रडली नाही. घरातलं होतं नव्हतं ते पांघरूण आणून तिनं आईवर घातलं, एकावर एक. “ती गारठली होती गं,” ती मला म्हणाली, “आणि मी तिला वाळ्याचं पाणी पाजत होते.” मी तिच्या गळ्यात पडले. वडील बाटली हातात घेऊन दारातच उभे होते.

मी आईपेक्षा मोठी झाले. माझ्याही पाळीचे महिने चुकायला लागले, तेव्हा मी डॉक्टरांकडे जाऊन आधी गळा पुढे केला. त्यांनी तपासलं, रक्त काढलं आणि पुढच्या खेपेला म्हणाले, “गळ्याचं काही नाही. हे तुमचं वयाचंच आहे.” आईला चुकीचं सांगितलं गेलेलं ते वाक्य माझ्या बाबतीत खरं निघालं होतं. घरी आले. बाहेर पौषातली थंडी होती, आणि माझ्या मानेवरून घामाचा ओघळ पाठीत उतरला. मी पदर सोडून दारातल्या गार वाऱ्यात बसले आणि मला आईसाठी रडू कोसळलं. तिला एकदा तरी असं उकडायला हवं होतं.