फुकटचा गाऊन

“हसा ना आजोबा, फोटो काढतोय.”

कपडे वाटायला आलेल्या मुंबईच्या ताईनं माझ्या हातात गुलाबी गाऊन दिला. छातीशी धरायला लावला. मागं त्यांची गाडी, कपड्यांची पोती. पुढं आमची पोलादपूरकडची बौद्धवाडी रांगेत उभी. मी हसलो नाय. तर म्हणते, “आजींना द्या. खूश होतील.”

आजी म्हणजे माझी बायको. तिला जाऊन वर्ष पण झालं नव्हतं.

गेली तेव्हा असाच गाऊन तिच्या अंगात होता. ह्याच लोकांनी मागच्या खेपेला दिलेला. नवाकोरा. किमतीचा कागद पण लटकत होता. एकदा पण न घातलेलं कापड कोण कशाला देईल? मला तेव्हाच खटकलं. पण ती हरखली. “मऊ हाय हो,” म्हणाली.

चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, नि गाऊननं पेट घेतला. सुती लुगडं पेटलं असतं तर फेडून टाकलं असतं. हा वितळला. अंगाला चिकटला. मी ओढला तर कातडी हातात आली. महाडच्या दवाखान्यात पण सगळा निघाला नाय. थोडा तिच्यासंगंच गेला.

त्या खेपेचे राहिलेले कपडे लोकांनी वरच्या ओढ्यात, पऱ्यात टाकले. पावसाळा गेला, तरी कुजले नायत. त्यांच्यावरनं येणारं पाणी आमची गुरं पितात.

माझा आजा चवदार तळ्याचं पाणी पिऊन आला नि मड्यावरचं कापड घ्यायचं त्यानं सोडलं. गावानं दम दिला तरी. आणि मी, त्याचा नातू, असला गाऊन धरून फोटोला उभा!

गाऊन दगडावर टाकला. काडी ओढली. जळते काळे थेंब गळायला लागले. बायका मागं सरल्या.

“फुकट देतोय तरी माज बघा!” ताई ओरडली.

शेजारची सून कुजबुजली, “काका, गप ऱ्हावा. गाडी परत यायची नाय.”

“नको येऊ दे,” मी म्हटलं. मग ताईकडं वळलो. “बाय, दुसरा गाऊन काढ. तो घालून माझ्या चुलीपुढं बस. मग हसतो.”

ती गाडीत बसली. तिच्या माणसांनी पोती मात्र भराभर उतरवली नि गाडी निघून गेली. तेव्हा उमगलं. ह्यांना द्यायचं नव्हतं, टाकायचं होतं.

पोती माझ्या पडवीत हायत. कोणाला हात लावू देत नाय. सुती निघालं तरी नको. त्यांचा पत्ता पोत्यांवरच छापलाय. टेम्पो सांगितलाय. मुंबईला त्यांच्या दारात उतरवणार. दार लावून घेतलं तर दाराबाहेर बसणार. पोती आत गेल्याबिगर उठणार नाय.